नाईट शिफ्टचं विरजण

पुणे महामार्गाने सोलापूर सोडलं की पाकणीचे तेल डेपो लागतात आणि तिथून जवळच चिंचोळी एमआयडीसी. तालुका मोहोळचा, राबता सगळा सोलापूरचा. रसायनं, औषधांचा कच्चा माल, गाड्यांचे सुटे भाग असं बरंच काही इथे बनतं आणि बनवणारी माणसं तीन शिफ्टमध्ये येत-जात असतात. फर्स्ट सुटते तेव्हा सेकंड आत शिरत असते. दोन्हीकडच्या हातांत डबे, आणि बऱ्याच डब्यांच्या वरच्या पुडात दही किंवा बाटलीत ताक.

गेल्या काही वर्षांत दही ताटातून उठून औषधाच्या कपाटात जाऊन बसलंय. 'गट हेल्थ' हा शब्द सोलापूरच्या मेडिकल दुकानांपर्यंत पोचला. फ्रीजमध्ये छोट्या बाटल्या, काउंटरवर प्रोबायोटिकच्या कॅप्सूल. कारखान्यातली माणसं मात्र हा शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात, 'पित्त होतंय', 'गॅस धरतोय', 'पोट साफ होईना'. नाईट शिफ्टवाल्याला विचारा, तिन्ही एका दमात सांगेल. त्यावर उपाय विचारला तर दहातले आठ जण सांगतात दही, तेही घरचं. या घरच्या दह्यात नक्की काय असतं आणि पोटाला त्यातलं काय मिळतं, हे बघायचं तर सुरुवात चुलीपासून करायला हवी.

एमआयडीसीच्या लगतच्या एका वस्तीवर, केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर असलेल्या गृहस्थांच्या घरी, दही लावण्याच्या वेळा नवऱ्याच्या शिफ्टवर ठरतात. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट असेल तर दही रात्री साडेनऊला लागतं, कारण पहाटे साडेपाचला डबा भरायचा असतो. सेकंड असेल तर पहाटे उठल्या उठल्या. नाईटचा आठवडा सगळ्यात अवघड. डबा रात्री दहाला जातो, म्हणजे विरजण भर दुपारी, आणि सोलापूरची मे महिन्यातली दुपार ही काय चीज आहे ते तिथे राहणाऱ्यालाच विचारावं. पारा ४२-४३ ला टेकलेला, घरावर पत्रे. "तवा दही लावायला लागतंय कुठं? दूध नुसतं झाकून ठेवलं तरी संध्याकाळपत्तोर तेच हाय की," त्या घरच्या वहिनी म्हणाल्या. दुपारी दोनला लावलेलं दही सहाला लागतं आणि आठला आंबट होतं. म्हणून त्या दिवसांत त्या विरजण अर्ध्यावर आणतात, भांडं ओल्या फडक्यावर ठेवतात आणि लागलं की लगेच फ्रीजमध्ये सरकवतात. डिसेंबरात याच्या उलट. तेव्हा तेच भांडं जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ज्वारीच्या डब्यात जातं. ज्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचा हा उपयोग कुठल्या अर्जात लिहिलेला नसणार.

त्यांची रीत बारकाईने बघण्यासारखी आहे. एक लिटर म्हशीचं दूध. उकळी आली की गॅस बारीक, मग आणखी दहा-बारा मिनिटं पळीने हलवत आटवायचं. नुसतं उतू जाईपर्यंत तापवलं तर दही पातळ होतं, हे त्यांना सासूने सांगितलेलं. यामागचं कारण डेअरीच्या पुस्तकांत आहे. दूध ८५ अंशांवर अर्धा तास किंवा ९० अंशांवर पाच-दहा मिनिटं राहिलं की त्याच्या निवळीतली प्रथिनं उलगडतात आणि केसीन या प्रथिनाच्या कणांना जाऊन चिकटतात. मग दही घट्ट धरतं आणि पाणी कमी सुटतं. दूध उतरवल्यावर करंगळी बुडवायची. दहा आकडे मोजेपर्यंत सोसलं की झालं. चाळीस-बेचाळीस अंशांच्या आसपासची ही ऊब. त्याहून बरंच गरम असेल तर विरजणातले जंतू भाजून निघतात, दूध दूधच राहतं आणि दोष विरजणावर जातो. मग वाटीत चहाचा एक चमचा विरजण, त्यात दोन चमचे दूध घालून गुठळी मोडायची, ते सगळं दुधात ओतायचं आणि दोन भांड्यांतून तीन-चारदा वरखाली करायचं. वर फेस दिसला पाहिजे. "आणि मग हात लावायचा नाही. लेकराला पण तिकडं फिरकू देत नाही." जास्त विरजण घातलं की दही लवकर लागतं खरं, पण आंबट आणि कणीदार होतं. नव्या मुलींची चूक तिथेच होते, घाईत दोन पळ्या घालतात.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं. मातीच्या गाडग्यातून थोडं पाणी झिरपून उडून जातं, म्हणून दही घट्ट आणि गार राहतं; सोलापूरच्या कोरड्या हवेत हे चांगलंच जमतं. पितळेच्या पातेल्यातली कल्हई गेली असेल तर त्यात दही ठेवायचं नाही, कळकतं.

भांड्याच्या आत चाललेला खेळ दुधाच्या साखरेवर आहे. दुधात साधारण पाच टक्के लॅक्टोज असतं. जंतू ते खाऊन लॅक्टिक आम्ल करतात, दुधाचा सामू ६.६ वरून खाली येत ४.६ पाशी पोचला की केसीन विरघळलेलं राहू शकत नाही आणि सगळं दूध एका अंगाने धरतं. डेअरीतल्या योगर्टमध्ये दोनच जंतू ठरवून घातलेले असतात, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, आणि त्यांची जोडी एकमेकांवर जगते. पहिला फॉर्मिक आम्ल पुरवतो, दुसरा प्रथिनं तोडून पहिल्याला अमिनो आम्लं देतो. घरच्या विरजणात इतकी शिस्त नसते. लॅक्टोकॉकस असतात, निरनिराळे लॅक्टोबॅसिलस असतात, कधी यीस्टही. त्यातल्या कोणाचं फावणार हे ऊब ठरवते. चाळीसच्या वर थर्मोफिलससारखे उष्णतेचे गडी पुढे जातात, पंचवीस-तीसला लॅक्टोकॉकस. त्यामुळे एकाच विरजणाचं मे महिन्यातलं दही आणि डिसेंबरातलं दही ही दोन वेगळी दही असतात, चवीलाही आणि जंतूंच्या हजेरीपटावरही.

या थर्मोफिलसबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डेअऱ्यांमध्ये विषाणू, म्हणजे फाज, या जंतूंवर हल्ला करतात आणि टाक्याच्या टाक्या दूध धरेनासं होतं. डॅनिस्को या कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की थर्मोफिलस अशा हल्ल्याची नोंद स्वतःच्या डीएनएत करून ठेवतो आणि पुढच्या वेळी तो विषाणू ओळखून कापतो. ही क्रिस्पर यंत्रणा. तिच्यावरून जनुकं कापायची कात्री तयार झाली आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामाला मिळालं. दह्याच्या टाकीत सुरू झालेली ही वाट सिकलसेलच्या उपचारापर्यंत गेली आहे.

पुन्हा चिंचोळीला येऊ. दही न लागण्याच्या तक्रारी इथे पुष्कळ ऐकायला मिळतात आणि त्यांतल्या निम्म्या दुधाच्या असतात. म्हशीच्या कासेला सूज आली, म्हणजे दगडी झाली, की प्रतिजैविकाची इंजेक्शनं होतात. औषध उतरेपर्यंत ते दूध बाजूला काढायचं असतं. काढलं नाही तर औषधाचा अंश दुधातून येतो आणि विरजण मरतं. दूध नासू नये म्हणून कोणी सोडा घातला असेल तर दही लागायला दुप्पट वेळ घेतं. म्हणजे दही ही घरबसल्या होणारी दुधाची एक कच्ची परीक्षाही आहे. पिशवीच्या दुधात हे प्रश्न कमी, पण टोन्ड दुधात स्निग्धांश तीन टक्के आणि त्याचं दही सैल. जिल्हा संघाचं 'दूध पंढरी' असो नाहीतर आणखी कुठलं, फुल क्रीम घेतलं तर सहा टक्के मिळतो. पंढरपुरी म्हशीचं दूध याच्याही वर, सात-आठ टक्क्यांच्या घरात. तलवारीसारखी लांब शिंगं पाठीवर टाकून चालणारी ही म्हैस याच जिल्ह्याची. तिच्या दह्याला चमचा घातला तर खाच तशीच राहते.

आता पोटाकडे. दह्याला औषध केलं ते एका रशियन माणसाने. एली मेचनिकोव्ह पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होता, प्रतिकारशक्तीच्या कामासाठी १९०८ चं नोबेल त्याला पॉल अर्लिशबरोबर मिळालं. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं आणि त्या विषाने माणूस म्हातारा होतो असं त्याचं मत. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध खाऊन दीर्घायुषी होतात असं त्याच्या कानावर आलं होतं, आणि स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये जिनिव्हात त्या दह्यातला जंतू शोधलाही होता. मेचनिकोव्हने रोज आंबट दूध घेणं सुरू केलं, पुस्तक लिहिलं, युरोपात दह्याची लाट आली. १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक कारासोने डॅनोन काढलं तेव्हा दही औषधांच्या दुकानांतून विकलं जात होतं. मेचनिकोव्ह १९१६ मध्ये वारला, वयाच्या ७१ व्या वर्षी. त्या काळाच्या मानाने बरं आयुष्य, पण मोहोळ तालुक्यात दही-भाकरीवर याहून पुढे गेलेली माणसं गावोगाव सापडतील.

त्याच्यानंतर शंभर वर्षांत चित्र बरंच बदललं. आतड्यातले सगळेच जंतू शत्रू नाहीत, उलट त्यांच्यावाचून चालत नाही, हे आता पक्कं आहे. माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जंतू असतात, असा हिशोब २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी मांडला. दह्याच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटी जंतू धरले, तर शंभर ग्रॅमच्या वाटीत हजार कोटी. त्यातले पुष्कळ जठराच्या आम्लात जातात. जे वाचतात ते आतड्यातून दोन-चार दिवसांत पुढे सरकतात, घर करून राहत नाहीत. म्हणजे आतल्या गावात रोज येऊन जाणारे हे पाहुणे. 'दही खाल्लं की चांगले जंतू पोटात वाढतात' हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

मग उपयोग काय? जो ठाम आहे तो आधी सांगतो. ज्यांना दूध पचत नाही, पोट गुबारतं, त्यांना दही चालतं. दही लागताना लॅक्टोजचा साधारण पाव हिस्सा संपलेला असतो आणि उरलेलं पचवायला जंतूंचं स्वतःचं विकर लहान आतड्यात कामाला येतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये योगर्टबद्दलचा जो दावा मान्य केला तो एवढाच. प्रोबायोटिकच्या इतर दाव्यांचे ढीगभर अर्ज त्यांनी परत पाठवले. दुसरी गोष्ट स्टॅनफर्डची, २०२१ ची. छत्तीस निरोगी माणसं, दहा आठवडे. निम्म्यांना आंबवलेले पदार्थ, निम्म्यांना तंतूमय आहार. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. अभ्यास लहान आहे पण काळजीपूर्वक केलेला आहे. एवढंच की ती माणसं दिवसाला सहा-सहा वाट्या, कप, ग्लास घेत होती. चिंचोळीत हे कोणाला सांगितलं तर तो आधी दुधाचा भाव विचारेल.

प्रोबायोटिक म्हणजे, २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येप्रमाणे, पुरेशा संख्येने घेतल्यावर फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्यात जंतूचा वाण माहीत असायला हवा, संख्या माहीत असायला हवी आणि फायदा तपासून दाखवलेला असायला हवा. वहिनींच्या गाडग्यातलं दही या परीक्षेत बसत नाही आणि त्याची त्यांना गरजही नाही. पण उलट्या बाजूनेही सांगायला हवं. कॅप्सूल म्हणजे दह्याहून सरस असंही नाही. वाइझमन संस्थेच्याच २०१८ च्या एका प्रयोगात प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर अकरा वाणांचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळ वस्ती परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशीर लागला. काही ठरावीक वाण प्रतिजैविकांमुळे लागणारे जुलाब कमी करतात हे खरं, पण ते डॉक्टरने आजार बघून द्यायचं. शौचातून रक्त पडतंय, वजन उतरतंय, ताप आहे, अशा वेळी दह्याची वाटी पुढे करणं म्हणजे दिवस घालवणं.

आणि कढीचं काय? उकळलेल्या कढीत जिवंत जंतू राहत नाहीत. प्रथिनं, कॅल्शियम, आंबटपणा राहतो, चव तर राहतेच. जंतूंसाठी कढी पिऊ नका, कढीसाठी प्या.

कारखान्याच्या गेटवर मला जास्त विचार करायला लावलं ते वेळेने. २०१४ मध्ये वाइझमनच्याच संशोधकांनी दाखवलं की आतड्यातल्या जंतूंनाही दिवस-रात्र असते. कोण कधी वाढणार, काय करणार याची चोवीस तासांची लय असते आणि ती आपल्या जेवणाच्या वेळेवर चालते. अमेरिकेहून इस्रायलला विमानाने आलेल्या दोघा प्रवाशांचे नमुने घेऊन ते जंतूविरहित उंदरांत घातले. प्रवासाचा शीण असतानाचे जंतू मिळालेले उंदीर जाड झाले, त्यांची साखर बिघडली. चिंचोळीचा ऑपरेटर विमानात बसत नाही, पण दर सोमवारी त्याचं घड्याळ आठ तासांनी सरकतं. रात्री दोनला चहा आणि भजी, पहाटे चारला पुन्हा चहा, सकाळी आठला घरी येऊन पोटभर जेवण आणि लगेच आडवा. पित्त न झालं तरच नवल. इथे दह्याचा जंतू फार काही करू शकत नाही. ताकाची बाटली मात्र करते, कारण ती भज्यांची जागा घेते. उन्हाळ्यात भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला मीठ घातलेलं ताक पाणी आणि क्षार दोन्ही देतं. उष्माघात टाळायच्या सरकारी सूचनांतही ओआरएसबरोबर ताक आणि लस्सी असतात.

'रात्री दही खाऊ नये' हा नियम इथे मजेशीर होऊन बसतो. चरकसंहितेत तो आहे. तिथेच हेही आहे की दही गरम करून खाऊ नये, आणि तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्या जोडीशिवाय नुसतं खाऊ नये. हा पुढचा भाग कोणी सांगत नाही. पण ज्याची सकाळ रात्री दहाला उजाडते त्याने रात्र कोणती धरायची? वहिनींनी यावर तोडगा काढलाय. नाईटच्या डब्यात दही नाही, ताक. दही सकाळी घरी आल्यावर, भाकरीबरोबर. त्याच ग्रंथात ताकाचं कौतुक भरपूर असल्यामुळे सासूबाईंनाही हरकत घेता आली नाही.

ही भाकरी गोष्टीत उशिरा आली, पण माझ्या मते पोटाच्या बाबतीत मोठी भागीदार तीच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जंतूंवर जे काम केलं त्यात प्रिव्होटेला हे कुळ ठळकपणे दिसलं. धान्य-कडधान्याच्या, तंतूमय जेवणावर पोसणारं हे कुळ. आतल्या कायमच्या रहिवाशांना खायला लागतं ते दह्यातून मिळत नाही. दह्यात तंतू नसतोच. तो ज्वारीत असतो, शेंगदाण्यात, मेथीत, डाळीत. आणि ज्वारीचं तर हे माहेर. रब्बी ज्वारीचा सगळ्यांत नावाजलेला वाण, मालदांडी ३५-१, हा १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडला गेला. ज्या तालुक्यात ही एमआयडीसी आहे त्याच तालुक्यात. शेजारच्या मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कडक भाकरीचा चुरा, वर घट्ट दही, शेंगाची चटणी, बाजूला कांदा, किंवा थंडीत गरम धपाटं आणि दही. यात जंतू आणि जंतूंचं खाद्य एकाच ताटात येतं. हे ताट कोणी प्रयोगशाळेत जुळवलेलं नाही, पण जुळलंय.

आता ते ताट मोडायला लागलंय, हेही खरं. कॅन्टीनमध्ये पोळी आणि भात. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली, खोल्या करून राहणारी पोरं दही स्टीलच्या डब्यात लावायला शिकली आहेत. विरजण संपलं तर शेजारी मागतात, तेही नसलं तर हिरव्या मिरचीची देठं कोमट दुधात टाकतात. देठांवरचे जंतू पहिल्या दिवशी सैल, तारेचं दही देतात, ते टाकून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला चांगलं लागतं. भाकरी थापणं मात्र त्यांना जमत नाही. घरोघरीही भाकरी कमी झाली, कारण रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ, आणि ज्वारी बाजारातून आणावी लागते. ऑपरेटरना मी विचारलं, आठवड्यातून भाकरी किती दिवस? ते वहिनींकडे बघायला लागले. "आधी रोज होती," त्या म्हणाल्या. "आता चार दिवस भाकरी, तीन दिवस पोळी. ज्वारी उतरली की परत रोज करीन. दह्याचं काय, ते लागतंच."